उजेडावर येईल ते

एका गावात एक भोळा भोई होता. नाव गेनू. गाव धरणाच्या पाण्याकाठी, घर पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणाऱ्यांचं, आणि गेनूनं जन्मात एक मासा धरलेला नव्हता. अंगानं बैल, मनानं लोणी. सांगाल तेवढंच करायचा, आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तीच होती.

त्याची बायको हौसा माहेरी जाऊन बसली होती. माहेर पाण्यापलीकडेच, समोरच्या काठाला. तिचा बाप केरबा म्हणजे नावाजलेला भोई. मिशा झुबकेदार आणि राग नाकावर. त्यानं निरोप धाडला, "भोयाच्या घरात मासळी इकत आणून खात्यात, लोक मला हसत्यात. अवसंला म्या हौसाला घिऊन येतो. जावयानं सोता धरलेल्या मरळीचं कालवण ताटात दिसलं तर लेक ठिवून जाईन. न्हाई दिसलं तर काडीमोड."

गेनू ढसाढसा रडला. त्याचं बोलणं न हसता शेवटपर्यंत ऐकून घेणारी गावात एकटी हौसाच होती.

आई म्हणाली, "रडू नगंस. तुझा बा करायचा तसा तरंगता दिवा कर. केळीच्या खुंटाचं दोन तुकडं जोड, वर कंदील ठेव, अंधार पडला की पाण्यावर सोड. उजेडावर किडं येत्यात, किड्यांवर बारकी मासळी येती, बारकीवर मरळ येती. मग जाळं टाक."

"बरं आई," गेनू म्हणाला.

त्यानं केळीचा खुंट तोडला, कामट्या ठोकून दोन तुकडे जोडले, वर पत्रा आणि पत्र्यावर कंदील. दिवा झकास झाला. अंधार पडल्यावर त्यानं तो पाण्यावर सोडला. दिवा वाऱ्यानं निघाला. गेनू काठावर उभा राहून बघत राहिला. दिवा बारीक होत होत दिसेनासा झाला, तेव्हा तो घरी आला.

"मासा कुठाय?"

"दिवा सोडला. गेला."

आईनं कपाळावर हात मारला. "अरं येड्या, दोरी लावायची! काठावर जे घट्ट उभं आसंल त्याला बांधायचा."

"बरं आई. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा दिवा केला. कंदील शेजाऱ्याचा मागून आणला. काठावर काय घट्ट उभं आहे ते पाहिलं. पाटलांची म्हैस गुडघाभर पाण्यात उभी होती. दुपारपासून हललेली नव्हती. याहून घट्ट काय असणार? त्यानं दोरी तिच्या शिंगाला बांधली आणि जाळं घेऊन बसला. जेवणवेळ झाली तशी म्हैस हलली आणि घरी निघाली. मागून दिवा खडखडत गावातून चालला, त्यामागून गेनू. पाटलांच्या गोठ्यात तो बराच वेळ जाळं उगारून उभा होता. किडे आले. मासळी काही आली नाही.

आई म्हणाली, "अरं शाण्या, पाय आसत्यात त्याला बांधायचं नसतं!"

"बरं आई. आता तसंच करतो."

सकाळी आई रानात निघाली. जाताना म्हणाली, "गेनू, शेळी बांधून ठेव रं." गेनूनं शेळीकडं पाहिलं. चार पाय. त्यानं शेळी सोडून दिली. आई परत आली तोवर शेळीनं शेजारणीचा अख्खा घेवडा फस्त केला होता आणि शेजारीण कंबरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"बांधली का न्हाईस?"

"पाय हायेत तिला."

आईला हसावं की रडावं कळेना. "अरं माझ्या राजा, जे निसटून जाईल आसं वाटतं ते डालग्याखाली घालावं, वर दगूड ठेवावा!"

"बरं आई. आता तसंच करतो."

संध्याकाळी त्यानं दिवा बाभळीला बांधला. त्याआधी खाली वाकून बाभळीला पाय नाहीत याची खात्री केली. सगळं रीतसर झालं. मग त्याला आठवलं की पहिल्या दिवशी दिवा निसटून गेला होता. त्यानं कोंबड्यांचं डालगं दिव्यावर पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि अंधारात बसून राहिला. शेवटी कंटाळून जाळं ओढलं, तर बोटाएवढं एक पिल्लू चुकून आलेलं. ते तांब्यात घालून तो नाचत घरी आला.

"आई, मासा! दिवा डालग्याखाली घातला, वर दगूड ठेवला, तरी मासा!"

आईनं तांब्यात डोकावलं. तिला भरून आलं. लेकाचा पहिलाच मासा होता. पण अवस उद्यावर आली होती.

"लेकरा, ह्याचं कालवण कसं व्हायचं? सोड त्येला."

गेनूनं तांब्या उंबऱ्यात उपडा केला. मांजर तिथंच बसलं होतं.

"अरं, सोड म्हंजे उंबऱ्यात न्हाई! जे पाण्यातनं आणलं ते सोडायचं तर खोल पाण्यात नेऊन सोडायचं. आन्‌ आता नीट ऐक. दिवा उघडाच ठेव. उजेडावर येईल ते जाळ्यात घ्यायचं, घरी आणायचं आन्‌ डालग्याखाली घालायचं. आन्‌ घरी येस्तवर तोंडातनं शबूद काढायचा न्हाई. बोललं की शिकार जाती."

"बरं आई. आता तसंच करतो."

अवसेची संध्याकाळ आली. आईनं मसाला वाटायला घेतला. गेनूनं दिवा बाभळीला बांधला, उघडा ठेवला आणि ओठ मिटून बसला. काळोख दाटला. किडे आले. किड्यांखाली बारकी मासळी चमकली. गेनूनं जाळं सावरलं. आता मरळ येणार, मग हौसा येणार.

तेवढ्यात केरबाची होडी आली. एवढ्या अंधारात त्याला पाण्यावर एकच दिवा दिसला. "विहीणबाईंनी घाटावर कंदील लावलाय बघ," तो लेकीला म्हणाला. "माणसं तशी चांगली हायेत."

"आबा, घाट तिकडं हाय, ह्यो घाट न्हवं," हौसा म्हणाली.

पण केरबानं धोतर सावरून रुबाबात पाय टाकला होता. तो छातीएवढ्या पाण्यात, दिव्याच्या अगदी शेजारी पडला.

जाळं अचूक पडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"जावईबापू! म्या केरबा हाय!"

गेनूनं ओळखलं होतं. त्यानं मान लववून रामरामही केला. तोंड मात्र उघडलं नाही. बांधावं का, म्हणून वाकून पाहिलं, तर पाय होते. बांधलं नाही. जाळ्यासकट खांद्यावर टाकलं आणि निघाला. केरबा गावभर शिव्या देत होता. गेनूनं हूं की चूं केलं नाही. होडीतून हौसा हाका मारत होती, तिलाही उत्तर दिलं नाही. याचं त्याला फार वाईट वाटलं.

अंगणात त्यानं शिकार डालग्याखाली घातली, वर दगड ठेवला आणि मग श्वास सोडला. "आई, उजेडावर आलं ते आणलं!"

आत आईचा वरवंटा थांबला. "मोठं हाय का?"

"लई मोठं. मिशा हायेत."

"मिशा? मग शिंगटा आसंल. मरळ न्हाई तर न्हाई. कसा दिसतोय?"

"मामांसारखा."

आई धावत बाहेर आली. डालग्याच्या भोकातून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. "अगं बया, व्याहीबुवा! अरं मुडद्या, सोड! आधी सोड त्यांना!"

"बरं आई," गेनू म्हणाला. "आता तसंच करतो."

त्यानं केरबाला जाळ्यातून मोकळं केलं, जाळं एका खांद्यावर टाकलं आणि केरबाला पुन्हा दुसऱ्या खांद्यावर घेतलं. दारात हौसा धापा टाकत आली. "अवं, आबांना कुठं घिऊन चालला?"

"सोडायला," गेनू म्हणाला आणि झपाझपा गेला.

दोघी काठावर पोचल्या तेव्हा गेनू केरबाचीच होडी खोल पाण्यात नेऊन परत आला होता. होडीत केरबा नव्हता. मधल्या काळोखातून फुरफुर आणि शिव्या ऐकू येत होत्या. केरबा पट्टीचा पोहणारा, त्याची काळजी नव्हती.

"मासा न्हाई, काडीमोड!" तो पाण्यातून ओरडला. "हौसे, चल घरी!"

हौसा हसून हसून खाली बसली होती. डोळे पुसत ती सासूला म्हणाली, "आत्या, म्या काय आता जात न्हाई. ह्यांना एकटं सोडलं तर माझं समदं माहेर पाण्यात जाईल."

सासूनं तिला पोटाशी धरलं. गेनूनंही ते ऐकलं. त्याला इतका आनंद झाला की काहीतरी बोलावंसं वाटलं.

पण केरबा पोहत होता. काळ्याकुट्ट अंधारात काठ कुठं हे त्याला कळत नव्हतं. पाण्यावर एकच उजेड होता, बाभळीजवळचा. तो सरळ त्याच्याकडे निघाला.

गेनूनं ओठ गच्च मिटले आणि जाळं उचललं.