कडू करांदे

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात चांगुणाबाई नावाची अंगणवाडी सेविका होती. वीस वर्षं तिने गावाचे उंबरे झिजवले होते. कुठल्या बाळाचं वजन घटलं, कुणाला दूध कमी येतं, कुठली सासू सुनेच्या ताटात भाजी वाढत नाही, सगळं तिला तोंडपाठ. गावातल्या निम्म्या लेकरांनी नाचणीच्या सत्त्वाचा पहिला घास तिच्या हातून खाल्ला होता. काही अडलं की बायका म्हणायच्या, "चांगुणाबाईंना विचारू." एवढं कानावर आलं की तिचे दुखरे पाय हलके होत.

मग गावात वैजयंती आली. ती देशावरची, शेती आणि आहाराचं शिक्षण घेतलेली. घरोघरी परसबाग लावायची, त्यातलं काय कसं शिजवायचं ते आयांना दाखवायचं आणि लेकरं वाढवण्याच्या चार गोष्टी आईबापांना सांगायच्या, हे तिचं काम. आधी बायका हसल्या. पण पोरगी कुदळ घेऊन त्यांच्या बरोबरीने खणू लागली. चार महिन्यांत सांडपाण्यावर दुधी चढला, पालक फुटला. एवढंच नाही, एका बैठकीत तिने बापांनाही बसवलं आणि एका दांडगट गड्याला सगळ्यांसमोर आपल्या लेकीला भरवायला लावलं. तो लाजत लाजत भरवू लागला आणि सगळी बैठक हसली.

चांगुणाबाई हसली नाही. बाप बैठकीला यावेत म्हणून तिने वीस वर्षं जिवाचं रान केलं होतं. एकही आला नव्हता.

त्या दिवसापासून तिच्या पोटात निखारा पडला. वैजयंतीचं बोलणं तिला लाडिक वाटे, अक्षर दिखाऊ वाटे. पाणवठ्यावर कुणी म्हणालं, "वैजयंतीताईंना विचारू," की तिच्या हातातली कळशी जड होई. वैजयंतीने लावलेला एक वेल किडीने गेला, तेव्हा ती दिवसभर खुशीत होती. रात्री तिची तिलाच लाज वाटली, पण सकाळी निखारा होता तिथेच होता.

अशातच तालुक्याहून निरोप आला. सगळ्या गावांतल्या सेविकांना शिकवण्यासाठी एक मार्गदर्शिका निवडायची होती. तालुक्याच्या मोठ्या बाई गावात येऊन काम बघणार होत्या. चांगुणाबाईला वाटलं, हा मान माझा. आणि लगेच वाटलं, तो मलाच मिळेल कशावरून?

मोठ्या बाई यायच्या दिवशी वैजयंतीने करांद्याची खीर करायचं ठरवलं. डोंगरातलाच कंद, डोंगरातल्याच लेकरांना. बायकांनी दोन पाट्या आणून घाईघाईने न निवडताच एकत्र ओतल्या आणि त्या पाहुणीसाठी अंगण सारवायला गेल्या. चांगुणाबाई तिथून चालली होती. ढिगावर नजर पडताच ती थबकली. गोड करांद्यांत कडू मिसळले होते. कडू करांद्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवाव्या लागतात. तसाच शिजवून खाल्ला तर वांत्या होतात, डोकं गरगरतं. गूळ घातला की कडूपणा झाकला जातो, विष तसंच राहतं. वैजयंतीच्या मुलखात करांदाच उगवत नव्हता. तिला हे कुठून कळणार?

वैजयंतीने मान वर केली. "बाई, जरा बघता का? सगळं बरोबर आहे ना?"

चांगुणाबाईने ढिगावरून नजर काढली. मग म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या. मी काय बघू?" आणि चालू लागली.

अंगणवाडीच्या खोलीत येऊन ती वह्या लावत बसली. तिने मनाची समजूत घातली, की चार माणसांना मळमळेल, मोठ्या बाई नाक मुरडतील, पोरीची घमेंड उतरेल. कुणी मरत नाही. बाहेर खिरीचा वास सुटला. पंगत बसल्याचा गलका ऐकू आला. तेव्हा तिच्या मनात आलं, आधी कुणाला वाढतील? लेकरांना. घरात जे शिजेल ते आधी लेकराच्या वाटीत पडलं पाहिजे, हे गावाला तिनेच शिकवलं होतं.

ती अनवाणीच धावली. "खाऊ नका, टाका ते!" म्हणत तिने एकेक वाटी हिसकून घेतली. बहुतेकांच्या तोंडाला अजून काही लागलं नव्हतं. पण सकूच्या दोन वर्षांच्या लेकीने, रखमीने, वाटी चाटूनपुसून संपवली होती.

थोड्याच वेळात रखमी ओकू लागली. तिने मान टाकली. मोठ्या बाईंच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती आईच्या कडेवर परत आली, डोळे खोल गेलेली, पण हसरी. गाव पाराशी जमलं. सगळा राग वैजयंतीवर होता. ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "चूक माझी. मला कंद ओळखता आला नाही." मोठ्या बाई गंभीर होत्या. चांगुणाबाईंसारखं जाणतं माणूस होतं म्हणून लेकरं वाचली, असं त्या म्हणाल्या. आता मान कुणाला मिळणार ते वेगळं सांगायला नको होतं. चांगुणाबाईने फक्त गप्प राहायचं होतं.

एवढ्यात सकू पुढे आली आणि तिच्या पाया पडायला वाकली.

चांगुणाबाईने पाय मागे घेतले. "पाया पडू नकोस, सकू. ते करांदे मी आधीच पाहिले होते. कडू ओळखलेही होते."

सकूला उमगेना. "मग बोलला का नाही?"

"वैजयंतीचा मत्सर वाटला म्हणून."

सकू लेकीला घेऊन निघून गेली. तो मान दुसऱ्याच गावच्या सेविकेला मिळाला. पुढे कित्येक दिवस सकू रखमीला वजनासाठी चांगुणाबाईकडे आणत नव्हती. चांगुणाबाईने तिला दोष दिला नाही.

आठवड्याने वैजयंती तिच्या दाराशी आली. "बाई, मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली. "पण आपण रुसून बसलो तर पोरांची पोटं थांबत नाहीत. उद्या रानात येता?"

दुसऱ्या दिवशी दोघी रानात गेल्या. चांगुणाबाईने एकेक कंद उकरला, साल दाखवली, कडू कुठला, गोड कुठला ते सांगितलं. हातचं काही राखलं नाही. निखारा एका दिवसात विझला असं नाही. बैठकीत वैजयंतीचं कौतुक झालं की अजूनही आत काहीतरी चुरचुरे. पण आता ती चुरचुर घेऊनच ती उठे आणि जे ठाऊक असेल ते सांगून मोकळी होई.

पावसाळा सरता सरता एका सकाळी सकू अंगणवाडीच्या दारात आली. रखमीला तिने चांगुणाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि वजनकाटा पुढे ओढला.

तात्पर्य: मत्सर पोटात असला तर जळतो आपण एकटेच, पण मत्सरापायी ठाऊक असलेलं सांगायचं टाळलं, तर त्याची झळ निष्पापाला लागते.