राजाच्या डोळ्यांतील पाण्याचे प्रकरण

विषय : राजाच्या डोळ्यांना पाणी न येणे व परिणामी नदीलाही न येणे, याबाबत.

एका राज्यात, दोन नद्यांमधल्या गाळाच्या भूमीवर, कुदुर्रू नावाचा तरुण राजा होता. तिथली रीत अशी, की नववर्षाच्या दिवशी राजाने मर्दुक देवापुढे मुकुट उतरवून गुडघे टेकावेत, पुजाऱ्याने त्याला चपराक द्यावी, आणि राजाच्या डोळ्यांत पाणी यावे. पाणी आले की देव प्रसन्न होई, नदी भरे, जव पिके. वर्षभर राजाने सगळ्यांना मारावे आणि एक दिवस स्वतः चपराक खावी, इतका समंजस कायदा पुढे कुठल्या राज्यात झाल्याचे ऐकिवात नाही.

अडचण पुजाऱ्याची होती. त्याचे नाव रिमूत. राजाची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून रिमूतनेच त्याला खांद्यावर खेळवून वाढवले होते. कुदुर्रू गादीवर आला त्या वर्षी रिमूतने दिलेल्या चपराकीने गालावरची माशीही उडाली नाही. दुसऱ्या वर्षी माशी उडाली. पाणी मात्र दोन्ही वर्षी आले नाही. देव कोपला, शाप पडला, आणि नदीच्या कोरड्या पात्रात गाढवे लोळू लागली.

तिसऱ्या नववर्षाच्या सकाळी पाताळराणी एरेश्किगलचा कारभारी नमतार देवळाच्या दारात येऊन बसला.

"सूर्यास्तापर्यंत राजाचे अश्रू," तो म्हणाला, "नाहीतर राजा. सावकाश होऊ द्या."

प्रधानाने आधी कांदे चिरवले. सारा दरबार ओक्साबोक्शी रडला. राजाने विचारले, "आज जेवायला कांद्याचे काही आहे काय?"

मग प्रधानाने मयतावर रडून पोट भरणारे गवई बोलावले. त्यांनी उद्ध्वस्त नगरीचा विलाप असा गायला, की भिंतीवर कोरलेल्या बैलांनी माना खाली घातल्या. राजाने आपल्या वाट्याचे पिण्याचे पाणी गवयांपुढे केले. "घसा सुकला असेल," तो म्हणाला. डोळे कोरडेच.

आता राहिली चपराक.

कळसावर सिंहाच्या तोंडाचा अंझू पक्षी बसला होता. तो माणसासारखा बोले, आणि बहुतेक माणसांप्रमाणेच, कोणी न विचारता.

"रिमूता, यंदा जोर लाव."

"हात म्हातारा झाला, पक्षीराज."

"आणि रोज पहाटे देवाच्या भाकरीचे पीठ कोण तिंबतो? मी?"

रिमूतने बोटांवरचे पीठ पुसले. राजाने मुकुट उतरवला, गुडघे टेकले आणि हळूच म्हणाला, "आजोबा, मारा. तो दारात बसला आहे, आणि मला जायचे नाही."

रिमूतने डोळे मिटले आणि चपराक दिली. देवळाच्या सगळ्या मजल्यांवरची कबुतरे उडाली. राजा आडवा झाला, उठला, पुन्हा गुडघ्यांवर बसला. गालावर पाच बोटे उमटली होती, पण डोळे कोरडे. दारात नमतार अंगावरची धूळ झटकत उभा राहिला.

चपराकीनंतर अश्रू येईपर्यंत पुजाऱ्याने अवाक्षर काढू नये, असा दंडक होता. जन्मात एक मंत्र न चुकलेला रिमूत खाली बसला, राजाचा गाल ओंजळीत धरून म्हणाला,

"लागलं का रे, बाळा?"

राजाचा खालचा ओठ थरथरला.

"खूप!" तो म्हणाला. "केवढ्यानं मारलंत!" आणि म्हाताऱ्याच्या कुशीत तोंड खुपसून तो हुंदके देऊन रडू लागला.

शाप तुटला. नदी पात्रात उतरली. गाढवे चडफडत काठावर आली.

"मी रिकाम्या हाती कसा जाऊ?" नमतारने विचारले.

"कांदे न्या," राजा नाक पुसत म्हणाला. नमतारने नेले. पाताळराणीने ते आवडीने खाल्ल्याचे कळते.

देवाला दंडकभंगाविषयी काही म्हणायचे असावे; परंतु नदी तोवर बरीच पुढे गेली होती.

त्याच आठवड्यात रिमूतने मर्दुकाच्या पायाशी अर्ज ठेवला : पुढील वर्षीपासून चपराकीचे काम अन्य कोणास द्यावे, कारण, हाताचे दुखणे. राजाने शिफारस करण्यास साफ नकार दिला. "दुसऱ्या कोणाची मी खाणार नाही," असे तो म्हणाला.

जव डोलू लागले आहेत. अर्जावर अद्याप निर्णय नाही.