बांधावरचं अनोळखी रोप

एका राज्यात राजाने काढलेला हुकूम फक्त राजालाच मागे घेता येई. या नियमाचा दरबाराला मोठा अभिमान होता. त्याच नियमाने एकदा राजाची मान विळ्याखाली आली.

तरुण राजा अरिंजय याचा नगराबाहेर मळा होता. मळ्याभोवती बांध, बांधावर रानफुलं. प्रधान घनदत्त म्हणाला, "महाराज, राजाच्या मळ्याला हे तण शोभत नाही."

राजाने बांधाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सगळं कापून काढा," म्हणाला आणि हुकमावर मुद्रा उमटवून त्याने घोडा बांधावर घातला. तिथे टिटवीची अंडी होती. ती टापांखाली फुटली.

ती टिटवी रानाची जादूगारीण होती. तिने राजाभोवती एक घिरटी घातली. घोडा रिकामाच परतला आणि राजा बांधावर रोप होऊन उभा राहिला. मळ्यातल्यांनी ते दुरून पाहिलं, पण इतक्या रोपांत राजा कोणता, ते कुणालाच कळेना.

सकाळी कापणारे विळे घेऊन आले.

"थांबा! बांधावर राजा आहे," राजाची थोरली बहीण सुवेणा म्हणाली.

"ठाऊक आहे, राजकन्ये," घनदत्त म्हणाला. "पण हुकूम त्यांचाच. मोडायचा कसा?"

असली माणसं त्या दरबारात शहाणी म्हणून मिरवत. बांधाच्या टोकाला विळे चालू लागले.

सुवेणा पायांतलं काढून बांधावर चढली. लहानपणी गुरं राखणाऱ्या बायकांमागे ती हे सारं रान फिरली होती.

"माझा भाऊ दे," ती टिटवीला म्हणाली.

"माझी पिल्लं दे," टिटवी म्हणाली.

सुवेणाने मान खाली घातली. "ती मला देता येणार नाहीत."

टिटवी तिच्या पायांशी उतरली. मग म्हणाली, "तुझ्या घराण्यात खरं बोलणारी तू पहिलीच. तीन रोपं ओळख, भाऊ देईन. चुकलीस, तर भावाशेजारी तूही रुजशील."

पहिल्या रोपाचं फूल टिटवीने पंखाखाली झाकलं. सुवेणाने पान पाहिलं. पानाचं टोक वेलीच्या ताण्यासारखं वळून शेजारच्या काडीला धरून होतं.

"कळलावी."

पंख उचलला. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल डोलत होतं.

दुसऱ्या रोपापाशी सुवेणाला डोळे मिटायला लावले. तिने चाचपून पाहिलं. रसरशीत देठ, लवदार फुगीर शेंग. बोट लागताच शेंग फुटून गुंडाळली आणि बिया तळहातावर उडाल्या.

"तेरडा."

विळे आता जवळ आले होते. कापलेल्या हिरव्याचा वास येत होता.

तिसरं रोप साधं होतं. फूल नाही, कळी नाही. सुवेणा गुडघ्यांवर बसली. पान चुरून हुंगलं, देठ निरखला, पानाची मागची बाजू पाहिली. काहीच जुळेना.

"कारवी म्हणा!" खालून घनदत्त ओरडला. "कारवी सात वर्षांनी फुलते. आज फूल नाही म्हणून कोण तपासणार आहे?"

"कारवीचं पान खरखरीत असतं, प्रधानजी. हे गुळगुळीत आहे."

"मग दुसरं काही म्हणा! दरबारात आम्ही रोज म्हणतो."

"म्हणूनच आज राज्य विळ्याखाली आहे."

पहिला विळा हातभर अंतरावर आला. सुवेणाने दोन्ही तळवे रोपाभोवती धरले. चुकीचं नाव घेतलं, तर दोघंही जाणार. गप्प राहिली, तर भाऊ जाणार.

"बोल," टिटवी म्हणाली.

"मला हे ओळखता येत नाही," सुवेणा म्हणाली. "मी या बांधावरचं प्रत्येक रोप ओळखते. हे त्यांतलं नाही. हे या रानाचंच नाही."

टिटवीने पंख मिटले. "बरोबर."

सुवेणाच्या तळव्यांत देठाचं मनगट झालं आणि तिच्यासमोर राजा अरिंजय मातीने माखलेला उभा राहिला. विळा त्याच्या पोटरीला टेकला होता.

"विळे खाली ठेवा," राजा म्हणाला. "माझा हुकूम मी मागे घेतो. आणि त्या नियमालाही आजपासून रजा."

मग त्याने टिटवीपुढे हात जोडले. टिटवीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती उडून गेली. ज्याची भरपाई नाही, त्याची क्षमा तिने दिली नाही, आणि राजानेही ती पुन्हा कधी मागितली नाही.

घनदत्त घोडा घेऊन पुढे आला. राजाने लगाम धरला नाही. तो बांधावरच थिजून उभा होता, एक पाय अधांतरी.

"ताई," त्याने हळूच विचारलं, "माझ्या पायाशी हे निळं काय आहे?"

"आभाळी."

राजाने तो पाय दुसरीकडे ठेवला. "आणि हे?"