घासलेला आकडा

मोटारी मिस्त्रीशी बोलायच्या, त्या दिवसांतली गोष्ट. सांगलीच्या गॅरेजात एक जुनी, दांडग्या इंजिनाची अमेरिकन मोटार होती. तिचं घड्याळ, रेडिओ, सगळं कारखान्यातून आलं तसंच होतं. पण जुन्या मोटारींचं प्रदर्शन उद्यावर आलं आणि शेजारची चकाकती गाडी पाहून तिचा जीव थाऱ्यावर राहीना.

"चाचा, इंजिनावरचा तो ओबडधोबड आकडा घासून टाका," ती दहाव्यांदा म्हणाली.

"अगं, कारखान्याच्या कागदात तुझी ओळख त्या आकड्यानेच आहे," हुसेन मिस्त्री म्हणाला. तरी तिची भुणभुण थांबेना, तेव्हा वैतागून त्याने कानस उचलली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक तो कागद घेऊन आला. घड्याळ जुळलं, रेडिओ जुळला. मग त्याने बॉनेट उघडलं, गुळगुळीत लोखंडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे इंजिन कुठल्या गाडीचं काढून बसवलंय?"