सरावानंतरचे पाच गोल

एकदा एक नावाजलेला गोलवीर प्रशिक्षक झाला. ओरेस्ते त्याचे नाव. इटलीतल्या मैदानांवर पंधरा वर्षे त्याने भल्याभल्या गोलकीपरांची झोप उडवली होती. पाय थकले, तेव्हा डोंगरपायथ्याच्या एका लहान क्लबाने त्याला मोठ्या मानाने बोलावून घेतले. ज्याला एवढे येते तो शिकवीलही तसेच, अशी सगळ्यांची समजूत होती. ओरेस्तेचीही तीच होती.

हिवाळा सरेपर्यंत संघ तळाला गेला. स्ट्रायकर तुल्लिओ चोवीस वर्षांचा, अंगाने दणकट. पण अकरा सामन्यांत त्याच्याकडून एकही गोल झाला नव्हता. "रविवारी हरलात तर तुमचा-आमचा संबंध संपला," असे क्लबच्या अध्यक्षांनी सांगून टाकले. मग ओरेस्तेने आपल्या जुन्या प्रशिक्षकांना एकदा येऊन सराव पाहण्याची गळ घातली. ते आता ऐंशीच्या घरात होते. तिकडे खेळाडू प्रशिक्षकाला 'मिस्टर' म्हणतात. ओरेस्ते त्यांना अजूनही तसेच म्हणे.

वृद्धाने बाकावर बसून सारा सराव मुकाट्याने पाहिला. शेवटी रोजचा कार्यक्रम झाला. तुल्लिओने गोलसमोरून पाच चेंडू मारले, त्यांतला एक आत गेला. मग ओरेस्ते पुढे झाला. "असं मारायचं असतं," म्हणत त्याने पाचही जाळीत घातले. खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या, तुल्लिओनेही वाजवल्या. दिवसभरात ओरेस्तेला तेवढाच क्षण गोड लागे.

तेवढ्यात वृद्ध उठले. साध्या चामडी बुटांनिशी चालत गेले, एक चेंडू नीट ठेवला आणि सणसणीत मारला. तो गोलकीपरच्या हातांवरून थेट वरच्या कोपऱ्यात गेला. खेळाडूंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. वृद्ध मात्र कमरेवर हात ठेवून, तोंड कडू करून परत आले.

खेळाडू गेल्यावर ओरेस्ते म्हणाला, "मिस्टर, मी सहा वर्षं तुमच्या हाताखाली होतो. तुम्हाला चेंडूला पाय लावताना एकदाही पाहिलं नाही. आम्ही तर तुमच्या माघारी हसायचो, की म्हाताऱ्याला खेळता येत नाही."

"ठाऊक होतं मला. हसू दिलं," वृद्ध म्हणाले. "तुझ्याआधी मीही रोज असाच मारून दाखवत होतो. माझ्याकडे एक गुणी खेळाडू होता. दोन वर्षांत त्याने खेळ सोडला. जाताना म्हणाला, 'मिस्टर, तुमच्यासारखं मला कधीच जमणार नाही.' आणि मी मूर्ख, महिनाभर ते कौतुक मिरवत होतो. तो का गेला हे कळलं, त्या दिवशी मी बूट काढले. गोल करणं हे शिष्याचं काम आहे, ओरेस्ते. आपली हौस फिटली नाही म्हणून आपण त्याच्या वाट्याचं खायचं नसतं."

ओरेस्तेला ते झोंबले, पण पटले. दुसऱ्या दिवशी तो बूट घरी ठेवून आला.

"आज तुम्ही नाही मारणार?" तुल्लिओने विचारले.

"नाही. तूच मार."

तुल्लिओने मारले, पण प्रत्येक चेंडूआधी त्याने वळून ओरेस्तेकडे पाहिले. रविवारीही तेच झाले. शेवटच्या मिनिटांत संघ एका गोलने मागे असताना मोकळ्या गोलसमोर चेंडू त्याच्या पायाशी आला, आणि त्याने क्षणभर बाकाकडे पाहिले. तेवढ्यात बचावपटूने चेंडू काढून घेतला. त्याच संध्याकाळी ओरेस्तेला नारळ मिळाला.

त्याच्या जागी एक अबोल गृहस्थ आले. ते स्वतः कधीकाळी कसे खेळत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. महिन्याभरात तुल्लिओने एका सामन्यात दोन गोल केले. ओरेस्ते ते घरी बसून टीव्हीवर पाहत होता. स्वतःच्याही नकळत त्याने टाळ्या वाजवल्या.

सामन्यानंतर वार्ताहराने तुल्लिओला विचारले, "एवढा थोर स्ट्रायकर तुम्हाला प्रशिक्षक लाभला होता. त्यांच्याकडून काय शिकलात?"

तुल्लिओने बराच वेळ आठवून पाहिले. मग अगदी मनापासून म्हणाला, "ते फार सुंदर गोल मारायचे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ओरेस्तेला तेच सोसेना, आणि त्याने टीव्ही बंद केला.