फाटकातला ड्रायव्हर

"सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही. फायरवॉलमध्ये काय ते करा. शुक्रवारी सकाळी डोंगरातल्या केंद्रांवर यादी पाच मिनिटांत पोचली पाहिजे. नाही पोचली, तर शनिवारी तुम्ही यायचं नाही."

दूध संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब हरगुडे एवढं बोलले आणि चहा बशीत ओतू लागले. समोर कौसल्या लोखंडे उभी होती. संघाची संगणकखोली तीच सांभाळायची, सहा वर्षांपासून कंत्राटावर. पत्रावर सही तिची नसायची, चूक मात्र तिचीच असायची.

दुखणं जुनं होतं. रोज पहाटे संघाचा सर्व्हर सभासदांची यादी आणि आदल्या दिवशीच्या दुधाचं फॅट खालच्या-वरच्या साऱ्या संकलन केंद्रांना पाठवी. सपाटीवर ती चटकन पोचे. डोंगरातल्या वांजळवाडीला मात्र पाऊण तास लागे. तोवर बायका डोक्यावर कॅन घेऊन रांगेत, आणि यादीशिवाय माप घ्यायचं नाही हा संघाचा नियम. दूध नासलं की दोष म्हशीला.

त्यावर इलाज म्हणून पुण्याहून शिरोळकर नावाचे सल्लागार आले होते. दोन दिवस पाहुणचार घेऊन त्यांनी चाळीस पानांचा अहवाल दिला. कामाचं वाक्य त्यात एकच: 'फायरवॉलमधली टीसीपीची गर्दी-नियंत्रणाची सेटिंग बदला.' टीसीपी म्हणजे माहिती तुकड्या-तुकड्यांनी पाठवायची रीत; वाटेत तुकडा हरवला की पाठवणाऱ्यानं वेग किती कमी करायचा, ते ही सेटिंग ठरवते. फायरवॉल म्हणजे संघाच्या जाळ्याचं फाटक. आतलं बाहेर जातं ते तिथूनच.

कौसल्यानं सोमवारीच ती सेटिंग बदलली. काम पाच मिनिटांचं. मंगळवारी वांजळवाडीला यादी पाऊण तासानंच पोचली.

"बाईंनी चुकीचं बटण दाबलं असणार," तात्यासाहेबांशेजारी बसलेले शिरोळकर म्हणाले. वांजळवाडी त्यांनी नकाशातसुद्धा पाहिली नव्हती.

"साहेब, बटण बरोबर आहे, जागा चुकली आहे," कौसल्या म्हणाली. "फायरवॉल स्वतः काही पाठवते तेव्हाच ही सेटिंग चालते. यादी पाठवतो सर्व्हर. फायरवॉल नुसतं फाटक उघडते. सेटिंग सर्व्हरवर बदलायला हवी."

"सर्व्हर नाही," तात्यासाहेब म्हणाले. गेल्या वर्षी असाच एक शहाणा सर्व्हर सुधारायला बसला आणि संघ तीन दिवस बंद पडला. शेतकऱ्यांनी दूध अध्यक्षांच्या दारात ओतलं. तेव्हापासून सर्व्हरची खोली कुलपात आणि किल्ली तात्यासाहेबांच्या गळ्यात. अंघोळीलाही निघत नाही म्हणे.

"अहवालात फायरवॉल लिहिलंय ना? मग फायरवॉलच. चाळीस पानं काय उगीच लिहिली त्यांनी?"

याचं उत्तर कौसल्याला येत होतं, पण ते गिळून ती बाहेर आली.

गुरुवारी दुपारी ती फाटकाजवळच्या कट्ट्यावर डबा खात बसली होती. मुंबईला जाणारा टँकर आतून गोगलगाईसारखा आला. फाटकात थांबला. आवारातला ड्रायव्हर उतरला आणि इस्माईलभाई चढले. संघाची ही पद्धत जुनी. भरलेला टँकर आवारात एकानं चालवायचा आणि फाटकापासून पुढे घाटातल्या ड्रायव्हरनं.

"भाई, हाच ड्रायव्हर पुढे का नाही नेत?" तिनं विचारलं.

"तो?" इस्माईलभाई हसले. "आवारात शहाणा आहे. घाटात एक खड्डा लागला की वाटतं पुढे गाडी अडकलीय. वेग निम्मा करतो. परत खड्डा, परत निम्मा. रस्ता मोकळा असतो, ताई, पण हा बैलगाडी हाकतो. मी खड्ड्याला भीत नाही. मी पुढचा रस्ता बघतो."

कौसल्याचा घास हातातच राहिला. डबा तसाच झाकून ती संगणकखोलीकडे पळाली.

शुक्रवारी सकाळी तात्यासाहेब घड्याळ आणि चहा घेऊन तिच्या खुर्चीत बसले. शेजारी टेबलावर अहवाल मांडून शिरोळकर, आणि त्यांच्याही शेजारी कौसल्याच्या जागेवर यायला तयार असलेला शिरोळकरांचाच भाचा. यादी सुटली. चौथ्या मिनिटाला फोन वाजला. वांजळवाडीचा केंद्रचालक होता.

"कौसल्याताई, यादी आली. पण म्हशी अजून पिळायच्यात. आता यादी थांबलीय दुधासाठी."

तात्यासाहेबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं. मग त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. तीही जागेवर होती.

"सर्व्हरला हात लावला?"

"नाही साहेब. कुलूप बघून घ्या."

"सेटिंग तर सोमवारचीच," शिरोळकर पडद्यात डोकावून म्हणाले. "म्हणजे माझाच अहवाल..."

"सेटिंग सोमवारचीच आहे. ड्रायव्हर कालपासून बदललाय," कौसल्या म्हणाली. "साहेब, आपला टँकर फाटकाबाहेर कोण नेतो?"

"इस्माईल. आतला ड्रायव्हर फाटकात उतरतो. माझ्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत आहे ती."

"मी फायरवॉलला तीच लावली. आता सर्व्हर यादी फाटकापर्यंतच आणतो आणि उतरतो. पुढे फायरवॉल ती आपल्या नावानं, आपल्या हातानं नेते. डोंगरातल्या वाटेवर यादीचे चार तुकडे हरवले तरी नव्या सेटिंगमुळे घाबरून वेग निम्मा करत नाही. तुम्ही म्हणालात फायरवॉलमध्येच काय ते करा. केलं. सोमवारी सेटिंग दिली होती वॉचमनला, साहेब. त्याच्या हातात स्टिअरिंगच नव्हतं."

तात्यासाहेबांनी घड्याळ बाजूला ठेवलं. मग असे हसले की खुर्चीची चाकं मागे सरकली.

"शिरोळकर, चाळीस पानांत आमचं फाटक कुठे दिसलं नाही हो तुम्हाला? दोन दिवस त्यातूनच ये-जा करत होता." मग कारकुनाला हाक गेली. "कौसल्याबाईंना आजपासून कायम केल्याचं पत्र टाईप करा. आत्ता. मी इथंच सही करतो." गळ्यातून त्यांनी किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. "आणि ही तुम्ही ठेवा."

"पत्र घेते, साहेब. किल्ली तुमच्याच गळ्यात बरी," कौसल्या म्हणाली. "ती तिथं होती, म्हणून तर मला फाटक दिसलं."

तात्यासाहेब पुन्हा हसले, आणि या खेपेला बशीतला सगळा चहा अहवालावर सांडला. तो पुसायला कुणीच उठलं नाही.