भिकाजीला लावलेला कौल

"पण आबा, अख्खो गाव एकाच वेळी कसो काय चुकता?"

भिकाजी धुरीने विचारलं आणि तो थांबला. उत्तर येईना, तेव्हा त्याने तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारला. आवाज चढवणं त्याला जमायचंच. गावात त्याच्याएवढा मोठा गळा दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

आबा गुरव देवळाच्या मागच्या पडवीत बसून झावळीच्या पात्यांमधले काडीसारखे हीर सोलत होते. देवाची पूजा त्यांनी आता पुतण्याकडे सोपवली होती. स्वतःकडे दोनच कामं ठेवली होती. खराटे बांधायचे, आणि कुणी आलंच तर त्याचं ऐकून घ्यायचं.

"सगळो गाव चुकलो?" आबांनी विचारलं.

"सगळो."

"तुका धरून?"

भिकाजीने मान फिरवली.

"माझा सोडा..."

आबांनी सोडलं. दुसरा हीर घेतला.

आता गाव चुकला म्हणजे काय झालं, ते सांगायला हवं.

आमच्याकडे देवापाशी काही मागायचं असलं की गाऱ्हाणं घालतात. घालणारा 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो आणि वाक्यावाक्याला थांबतो. तो थांबला की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काय मागितलं ते नीट ऐकू आलं नाही तरी कुणाचं अडत नाही. लहानपणापासूनची सवय, तोंडातून आपोआप निघतं.

विनायक राऊळने ही सवय बरोबर हेरली. पाच वर्षांपूर्वी तो मुंबईहून आला आणि सरपंचपदाला उभा राहिला. मतं मागायला तो इतरांसारखा व्यासपीठावर चढलाच नाही. देवळासमोर उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले आणि भाषणाचं सरळ गाऱ्हाणं केलं.

"बा देवा म्हाराजा, आजपासून ह्या गावात कोण घरपट्टी भरूचो नाय."

"व्हय म्हाराजा."

"कोण पाणीपट्टी भरूचो नाय."

"व्हय म्हाराजा."

"तरी घराघरात नळाक रात्रंदिवस पाणी येतला."

"व्हय म्हाराजा."

त्या होकारात सगळ्यांत मोठा आवाज भिकाजीचा होता. होकार पोटातून कसा काढायचा, हे त्याला आबांनीच शिकवलेलं. तो म्हणाला की मागचे म्हणत, मागचे म्हणाले की कुंपणावर बसलेलेही म्हणत. गाव भिकाजीच्या गळ्यावर चालायचा म्हणा ना.

राऊळ भरघोस मतांनी निवडून आला. आल्या आल्या त्याने वसुली बंद केली, दिल्या शब्दाला जागला. पहिलं वर्ष गावाने मजेत काढलं. मग पंचायतीची तिजोरी रिकामी झाली. पंपाचं बिल थकलं, वीज कापली गेली आणि नळ कोरडे पडले. रस्त्यावरचे दिवेही गेले. एवढ्या काळात उभी राहिली ती एक कमान, गावाच्या वेशीवर, राऊळच्या फोटोसकट. पाणी तेवढं त्या कमानीखालून आत आलं नाही.

बायका पुन्हा विहिरीवर जाऊ लागल्या. भिकाजीची बायको शालन रोज सकाळी कळशी कमरेला लावून उंबऱ्यात थांबायची, नवऱ्याकडे बघायची आणि एवढंच म्हणायची,

"व्हय म्हाराजा?"

आणि निघून जायची. भिकाजीला तेवढं दिवसभर पुरायचं.

"आता खंयव जावन इचारा," भिकाजी आबांना सांगत होता. "राऊळाक मत दिल्लो एक माणूस ह्या गावात गावणा नाय. कोण म्हणता मी आजारी होतंय. कोण म्हणता माझा बटण चुकला. मगे मतां काय माडांनी दिली?"

"मी दिलंय," आबा म्हणाले.

भिकाजीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कोणाक?"

"राऊळाक."

"तुमी? कित्याक?"

"गोड बोललो तो. माका बरा वाटला."

"आणि मगे नळ बंद पडलो तेव्हा?"

"वायट वाटला. मगे कळशी घेतलंय नि विहिरीर गेलंय."

बोलताना आबांचा हात थांबला नव्हता. हीर सोलून बाजूला पडत होते.

भिकाजीला राग आला. हा म्हातारा आपला गुरू, गावाला आधी सावध करायचं सोडून हाही त्याच गर्दीत होता? पण रागाच्या आत आणखी काहीतरी सलत होतं, आणि तो हेवा होता. 'मी दिलंय' हे जे दोन शब्द इतक्या वर्षांत त्याच्या तोंडातून निघाले नव्हते, ते आबांनी चहा प्यायलो म्हणावं तसे सांगून टाकले होते.

...

"परवा मतदान असा," थोड्या वेळाने भिकाजी म्हणाला.

"असा तर."

"राऊळ परत उभो ऱ्हवलो. समोर गावड्यांची सुलभा."

"ती काय म्हणता?"

"ती दारादारात जावन सांगता, निवडून दिलात तर पयली घरपट्टी वसूल करतलंय आणि पंप चालू करतलंय." भिकाजीने कपाळाला हात लावला. "अशी मतां गावतत काय, आबा? लोक तिका चाय देतत नि दार लावन घेतत."

"चाय देतत मां? मगे झाला."

"चेष्टा करू नकात. आज सांजेक राऊळाची शेवटची सभा असा, हयसरच, देवळासमोर. माका निरोप धाडल्यान. म्हणता, भिकाजी, तू पुढे उभो ऱ्हव. तुझो आवाज व्हयो."

आबांनी मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदा.

"मगे?"

"मगे म्हणान तर इलंय. माका कौल लावन देवा."

कौल म्हणजे देवाचं उत्तर. ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. ज्या बाजूची पाकळी आधी पडेल, ते देवाने सांगितलं.

"देव सांगात तेका मी मत देतलंय," भिकाजी म्हणाला. "आणि सांजेक गावाकव तसाच सांगतलंय."

"आणि परत नळ बंद पडलो तर?"

"तर... देवाचीच इच्छा म्हणूची."

आबा हसले. दात फारसे राहिले नव्हते, पण हसणं भरपूर होतं.

"म्हणजे मत तू देतलंस आणि गाळी देव खातलो."

भिकाजी खाली बघत, त्याच्या गळ्याला न शोभणाऱ्या बारीक आवाजात बोलला.

"आबा, माका माझोच भरवसो ऱ्हवलो नाय."

हे मात्र खरं होतं. हल्ली तो बाजारात मासळी घ्यायलाही शालनला पुढे करी. दसऱ्याच्या गाऱ्हाण्याला तो मागे, खांबाआड उभा राहिला होता, आणि होकाराच्या वेळी नुसते ओठ हलवले होते. ज्या गळ्याचा त्याला एवढा अभिमान, त्याचीच त्याला भीती बसली होती. हा गळा संध्याकाळी पुन्हा सुटला तर गाव पुन्हा मागून येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आबा उठले. परसातल्या जास्वंदीचं फूल तोडलं, दोन पाकळ्या काढल्या आणि तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या.

भिकाजी लगबगीने गाभाऱ्याकडे निघाला.

"खंय चललंस?"

"आत... देवाकडे."

"हयसर बस."

भिकाजी बसला. उकाड्यामुळे सदरा काढून ठेवला होता, अंगात नुसतं बनियन होतं. आबांनी एक पाकळी त्याच्या उघड्या उजव्या खांद्याला चिकटवली, एक डाव्या.

"उजवी पडली तर राऊळ. डावी पडली तर सुलभा."

"आबा, ह्या काय? मी माणूस."

"परवा मत देवक देव जातलो काय?"

आबा समोर उभे राहिले, हात जोडले, डोळे मिटले. एवढा वयाने मोठा माणूस आपल्यापुढे हात जोडून उभा आहे, हे बघून भिकाजी संकोचाने अर्धा झाला. पण हलायची सोय नव्हती. हललं तर पाकळी पडणार.

"बा भिकाजी म्हाराजा," आबांनी सुरू केलं. "आज ह्यो आबा गुरव तुझ्या पायाकडे इलो असा. परवाच्या दिवशी काय करूचा, ता तेका कळणा नाय..."

आबा थांबले.

"व्ह..." भिकाजीच्या तोंडातून निघालंच.

"देवान व्हय म्हणूचा नसता," आबा डोळे न उघडता म्हणाले. "देवान फक्त आयकूचा."

भिकाजीने ओठ मिटले.

"एक म्हणता, कोणी कायएक भरू नको. सगळा फुकट गावतला..."

आबा पुन्हा थांबले.

पडवीत काही वाजलं नाही. होकार द्यायचा नव्हता, त्यामुळे ते वाक्य तसंच समोर उभं राहिलं. इतक्या वर्षांत भिकाजीने गाऱ्हाण्यातलं एक वाक्य असं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. वाक्य संपायच्या आधीच त्याचा गळा तयार असायचा. आज गळ्याला काम नव्हतं, म्हणून कान मोकळे होते. फुकट कुठून मिळणार, असं त्याच्या मनात आलं. इतका साधा प्रश्न, आणि तो त्याला यापूर्वी कधी पडला नव्हता.

"दुसरी म्हणता, घरपट्टी भरा. पयलो पंप चालू करतंय..."

आबा तिसऱ्यांदा थांबले.

हेही वाक्य त्याने शेवटपर्यंत ऐकलं. ऐकायला ते गोड लागलं नाही. घरपट्टी कुणाला आवडते? तरी त्या वाक्याला हात लावून बघितला तर ते हलत नव्हतं.

"बा म्हाराजा, आता तुझा काय म्हणणा असात, ता तू सांग."

...

पोफळींतून वारा आला. पाकळ्या सुकू लागल्या होत्या. डावी जागच्या जागी होती. उजवीची कड मात्र सुटली, जरा वळली आणि पाकळी खांद्यावरून घसरायला लागली.

भिकाजीचा हात वर गेला आणि त्याने ती खांद्यावर गच्च दाबून धरली.

हात कधी गेला, ते त्यालाही कळलं नाही.

आबांनी डोळे उघडले. त्या हाताकडे बराच वेळ बघितलं.

"आयुष्यभर कौल लावलंय," ते म्हणाले. "हात वर करणारो देव आज बघलंय."

भिकाजीने हात खाली घेतला नाही. आधी तो ओशाळला, मग त्याला हसू फुटलं, आणि मग तो इतका मोठ्याने हसला की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. खूप दिवसांनी तो असा हसत होता. आबाही त्याच्याबरोबर हसले. दोघं काही वेळ नुसते हसत बसले, आणि ते दोघांनाही फार बरं वाटलं.

शेवटी भिकाजीने दोन्ही पाकळ्या आपल्याच हाताने काढल्या आणि पायरीवर ठेवल्या. सदरा अंगात घातला.

"सभेक जातलंय मी," तो म्हणाला. "पुढेच उभो ऱ्हवतलंय."

"बरा."

"राऊळ थांबलो की इचारतलंय, पंपाचा बिल कोण भरतलो."

"मोठ्यान इचार."

"मोठ्यानच. आणि आधी सांगतलंय, गेल्या खेपेक तुका मत मी दिलंय." हे म्हणताना त्याचा आवाज अडकेल असं त्याला वाटलं होतं. अडकला नाही.

आबा खाली बसले. सोललेले हीर गोळा करून त्यांची जुडी बांधू लागले.

भिकाजी पायऱ्या उतरला. अंगणात अर्ध्यावर गेला आणि थबकला. तसाच परत आला. चेहऱ्यावरचं हसू जरा उतरलं होतं.

"आबा..."

"काय रे?"

"सुलभेनव पंप चालू केल्यान नाय तर? मी परत चुकलंय तर?"

आबांनी जुडीला गाठ मारली. उरल्यासुरल्या दातांत धरून सुंभ ओढला. घाई अशी त्यांना कशाचीच नव्हती.

"चुकतलंस रे. म्हणान तर पाच वर्षांनी परत इचारतत."